एका बॉबिनचा भाग

संध्याकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून केबलवाला सिग्नलच्या मीटरवरचा आकडा तिसऱ्यांदा वाचत होता. आकडा बरोबर होता. म्हणूनच त्याचा आकड्यावर विश्वास बसत नव्हता.

सगळे त्याला पक्कड म्हणत. बावीस वर्षं कमरेला तीच लाल मुठीची पक्कड लटकत होती. खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं.

अकरा घरांच्या या इमारतीत दोन महिन्यांत सात घरांनी केबल बंद केली होती. बंद करणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. कुणी भांडून बंद करायचं, कुणी घर बदलताना. पण या सातही जणांनी बॉक्स पुसून, वायर गुंडाळून, रिमोटमधले सेलसुद्धा जागच्या जागी ठेवून परत दिले होते. चिडलेला माणूस बॉक्स पुसत बसत नाही. इतकं गोड वागणारा माणूस काहीतरी दडवत असतो, असा पक्कडचा अनुभव होता.

मालक दुपारी फोनवर म्हणाला होता, "एका बॉक्सवर आठ टीव्ही चालवत असतील लेकाचे. आज चोर सापडला तर ठीक. नाहीतर ती इमारत सोडून देऊ. मग तुझ्या फेरीत राहतंय काय? ती दुसऱ्याच्या फेरीला जोडून टाकतो."

म्हणजे चोर सापडायलाच हवा होता.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून, शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या खोलीतून, आवाज आला. केबल सगळ्यात आधी यांनीच बंद केली होती.

"किल्ली माझ्या उशाखाली होती!" एक खाष्ट सासू कडाडली. "या घरात चोर आहे!"

मग सुनेचा रडवेला आवाज. मागे संगीतासारखी घरघर. आणि पाच-सहा जणांचं एकदम, "अगं बाई!"

"सापडलात," पक्कड मिशीत हसला आणि त्याने सगळ्या इमारतीला सिग्नल देणाऱ्या ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं.

पहिल्या मजल्यावरून लगेच ओरड आली, "ओ पक्कड! ऐन वेळेला कसली कळ काढता?"

तिसऱ्या मजल्यावरची सासू मात्र दम न घेता बोलतच होती.

पक्कडचा चेहरा उतरला. म्हणजे दुसऱ्या कोणा केबलवाल्याची वायर. त्याच्या इमारतीत, त्याच्या नाकावर टिच्चून! त्याने बटण चालू केलं, बूट हातात घेतले आणि तो जिना उतरला. मावशींच्या दाराबाहेर चौदा जोड चपला होत्या. त्याने दार ढकललं.

घोळका जमिनीवर बसला होता. मधोमध मावशी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होत्या.

"या, या," दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे कंपाउंडरकाका म्हणाले. "खाली बसा. खुर्च्या संपल्या."

"टीव्ही कुठाय?"

"तुमच्या पाठीमागे."

टीव्हीवर निळं कापड पसरलेलं होतं. पक्कडने ते उचलून मागे हात लावला. टीव्ही गार होता. वायरीच्या टोकाला टेप होती, तीन वेढे आणि शेवटी मुडपलेलं टोक. केबल बंद करताना टेप लावायची ही त्याचीच पद्धत. टेपला कोणी हात लावला नव्हता.

"मग ती सासू कोण?"

मावशींनी ओठांतली टाचणी काढली. "मीच. सून पण मीच. सासरे होते, ते काल वारले."

सगळे हसले. पक्कड हसला नाही.

"तुमचीच कृपा," काका म्हणाले. "मावशींचा बॉक्स बिघडला, तुम्हाला चार फोन झाले. बारा दिवस फिरकला नाहीत. तेव्हा ह्या आपल्या मनाने मालिकेचं पुढचं सांगायला लागल्या. बॉक्स दुरुस्त झाल्यावर बघतो तर तिकडे टीव्हीवर सून अजून त्याच दारात उभी! इकडे तिचं दुसरं बाळंतपण झालं होतं."

पक्कडला आठवलं. तक्रारीची चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली होती आणि शर्टाबरोबर धुतली गेली होती.

"बोलू नका हो मधे, बॉबिन संपेल," कोणीतरी दटावलं. बॉबिनमध्ये दोरा असेपर्यंत भाग, असा इथला नियम होता.

मावशींनी मशीन चालू केलं. "तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हातात बूट, कमरेला पक्कड. किल्ली त्याच्याकडे असेल, असं कोणाच्या ध्यानीमनीही..."

सुई कोरडीच चालली. दोरा संपला होता.

"माझ्याकडे? माझ्याकडे कशी?" पक्कड म्हणाला.

"उद्या," मावशी म्हणाल्या.

हे आपली थट्टा करताहेत, अशी त्याची खात्रीच झाली. चहा नको म्हणून तो बाहेर पडला आणि जिन्याच्या वळणावर चार मिनिटं कान लावून उभा राहिला. आपण गेल्यावर काहीतरी चालू होईल, असं त्याला वाटत होतं. चपलांचे आवाज झाले, दारं लागली. बस्स.

त्याने खिशातून तपासणीचा कागद काढला. 'चोरी' या शब्दापुढे एक खूण केली की फेरी वाचत होती. मावशींना मग पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. पेन थोडा वेळ कागदावर तसंच राहिलं. मग त्याने लिहिलं, 'चोरी नाही', आणि मालकाला फोन लावला.

"नक्की?"

"टेप माझीच आहे. कोणी उघडलेली नाही."

"मग काय बघत बसतात ते?"

"काही नाही बघत," पक्कड म्हणाला. "ऐकतात."

मालक म्हणाला, "ठीक. उरलेल्या चौघांना मी सांगतो. तू ॲम्प्लिफायर काढ. फेरीचं मी बोललोच होतो."

उद्या सकाळी नऊला पक्कड शिडी घेऊन गच्चीवर जाईल. दहाला दुसऱ्या फेरीचा माणूस येऊन बाकीच्या इमारतींच्या गच्च्यांच्या किल्ल्या त्याच्याकडून घेईल. मावशींची बॉबिन संध्याकाळी सातला भरते.