चिंचेच्या पाण्यातला रुपया

माझं माहेर इतवारीतलं, चांदीचं काम करणाऱ्यांचं. सासर महालातलं, पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत लेखणी चालवणाऱ्यांचं. माहेरी मी वडिलांच्या शेजारी बसून चांदी हाताळत मोठी झाले. सासरी आल्यावर त्याच हातांना भांडी घासण्यापलीकडे काम उरलं नाही. त्याचा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सासूबाई शेजारणीला सांगत. खोटं नव्हतं ते.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, नाण्यांचा भारी नाद. त्यांच्या पेटीत एक रुपया मखमलीच्या डबीत वेगळा ठेवलेला असे. कचेरीतले एक साहेब बदली होऊन जाताना त्यांना देऊन गेले होते. तो बाजारात चालवण्यासाठी पाडलेलाच नव्हता. टांकसाळीत हौशी लोकांसाठी, आरशासारख्या घोटलेल्या ठशाखाली निवडक चकती ठेवून, दोन-दोनदा दाबून असे रुपये काढत. मामंजी त्याला ‘प्रूफ’ म्हणत. रविवारी ते भिंग घेऊन बसत आणि मुलांना हाका मारत. मुलं काहीतरी निमित्त काढून सटकत. दारात उभी राहून मन लावून पाहणारी मी, पण माझ्या वाट्याला काय, तर “सूनबाई, चहा ठेव.” तो रुपया एकदा आपल्या हातात यावा, याहून मोठी इच्छा मला त्या दिवसांत नव्हती. आता हसू येतं, तेव्हा रडू यायचं.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये मांडायची रीत. सकाळी ते चिंचेच्या पाण्यात भिजत घालायचे, मग राखेनं घासून लख्ख करायचे. त्या वर्षी सासूबाईंच्या मनात आलं, घरातला सगळ्यात देखणा रुपया देवीपुढे नको का? मामंजी न्हाणीघरात गेले तशी त्यांनी डबी उघडली आणि तोही रुपया परातीत इतरांबरोबर सोडला. बाकी सगळ्यांची आंघोळ झालेली आणि हा एकटाच पारोसा पूजेला कसा ठेवायचा, असा त्यांचा विचार.

मी राखेची वाटी घेऊन आले, तर मामंजी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली परातीपुढे उभे. हातात रिकामी डबी.

“हे काय करून राहिली वं तू?” ते सासूबाईंना म्हणाले.

“देवीपुढं ठेवून राहिली, विकून नाही आली,” सासूबाई म्हणाल्या. “सूनबाई घासून देते. अजून चमकीन.”

घासण्याचीच तर भीती होती. राखेचा एक हात फिरला की त्या आरशावर बारीक ओरखडे उठतात आणि ते जन्मात जात नाहीत.

मामंजींनी परातीत हात घातला. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि चिंचेनं सगळेच रुपये उजळले होते. सगळे एकाच राजाचे, एकाच मापाचे. एक उचलत, डोळ्यांशी नेत, परत ठेवत. ते ठेवलेलाच रुपया पुन्हा उचलायला लागले तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. शेवटी त्यांनी एक निवडला. “घे, हा सोडून बाकीचे घास,” ते म्हणाले.

“तो नाही, मामंजी,” मी म्हणाले. सासूबाईंनी डोळे वटारले. सासऱ्यांना असं तोंडावर बोलायची पद्धत नव्हती.

“काहून नाही?”

“यातला हत्ती झिजला आहे.”

राजाच्या अंगावर जी साखळी कोरलेली असते, तिच्यात एक इवलासा हत्ती असतो. रुपया चार हातांतून फिरला की त्याची सोंड दिसेनाशी होते. मामंजींना हे माझ्याआधीपासून ठाऊक होतं, पण आता दिसत नव्हतं.

मी राखेची वाटी खाली ठेवली, विचारायची वाट न पाहता पाण्यात हात घातला आणि एकेका रुपयाच्या काठावरून बोट फिरवत गेले. बाजारातल्या रुपयाचा काठ बोटाला गोलसर लागतो, अगदी कोरा असला तरी थोडा. खास काढलेल्याचा काठ सरळ कापल्यासारखा, बोटाला टोचणारा. सातवा का आठवा रुपया टोचला. तो कडेला धरून उचलला, साध्या पाण्यात बुडवला, जुन्या मलमलीवर नुसता टिपला. मग खिडकीसमोर धरला. राजाच्या चेहऱ्यामागच्या मोकळ्या जागेत खिडकीचे गज एकेक मोजता येत होते. मामंजींनी निवडलेल्या रुपयात नुसता पांढरा उजेड होता.

मामंजींनी पाटावर बसून भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं. चिंचेनं त्याच्यावरची जुनी निळसर झाक गेली होती, बाकी काही बिघडलं नव्हतं.

“हाच,” म्हणाले, आणि पाटावर सरकून जागा केली. “बस इथं.”

“म्हणजे आता पूजेत ठेवायचाच नाही का?” सासूबाईंनी विचारलं.

“ठेव ना. पण पुढच्या साली पारोसाच ठेवजो.”

सासूबाईंनाही हसू आलं. मी मात्र तो रुपया तळहाताला न लावता दोन बोटांत धरून बसले होते. इतका आनंद मला लग्नातल्या दागिन्यांनी दिला नव्हता.

त्यानंतरचे रविवार माझे झाले. पुढे मामंजींची नजर पारच गेली आणि त्यांनी पेटी उघडणं सोडलं. मला ते सहन होईना. एका रविवारी मी आपणहून पेटी काढली, एक प्रूफ आणि एक बाजारातला असे दोन रुपये त्यांच्यापुढे धरले, आणि त्यांचं बोट काठावर टेकवून दिलं. ते हळूहळू बोट फिरवत राहिले. एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर. मग एक रुपया कडेनं अलगद धरून त्यांनी माझ्यापुढे केला.

“हा टोचते,” ते म्हणाले. तोच होता.

माझे डोळे भरून आले, म्हणून मी चहाचं निमित्त करून उठायला लागले.

“तू बस वं,” मामंजी म्हणाले. “चहा तिले ठेवू दे.”

त्या दिवशी चहा सासूबाईंनी केला.