चौथी बिजली

आमच्या भावोजींना अख्खी गल्ली भोंगा म्हणते. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. आवाजच तसा आहे, त्यांनी जिन्यातून "वहिनी, चहा" म्हटलं की शेजारीण चहा टाकते. लग्न केलं नाही, राहायला आमच्याकडेच, आणि नोकरी आयुष्यभर एकच: डॉल्फिनच्या खेळात माइकवर बोलायचं. समुद्राजवळ एक निळा तलाव बांधलेला, तीन बाजूंनी बसायला पायऱ्या. डॉल्फिन उडी मारायची, पोरं किंचाळायची आणि भावोजी ओरडायचे, "ही पाहा तुमची लाडकी बिजली!"

आता खरं काय ते सांगते. बिजली एक नव्हतीच. पहिली मेली तर मालकाने दुसरी आणली आणि नाव तेच ठेवलं. पोस्टर बदलायला नको, कुणी काही विचारायला नको. दुसरी गेली, तिसरी आली. लोकांना वाटायचं, वर्षानुवर्षं तीच उड्या मारतेय, आणि ते त्यांच्या गळी उतरवायचं काम भावोजींचं. मला यातलं काडीचंही माहीत नव्हतं. बाहेर घसा फोडून बोलणारा हा माणूस घरात तोंडाला कुलूप लावून बसायचा.

तिसरी मेली त्या दिवशी ते ताटावर बसले आणि ताट बाजूला सारलं. मग एकदम सगळं बोलून मोकळे झाले. शेवटी शेवटी ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून एका जागी तरंगायची, मासा दिला तर तोंडातून सोडून द्यायची. आणि तिकडे मालकाने चौथीची ऑर्डर देऊनसुद्धा टाकली होती. होडीवाले समुद्रातून जिवंत पकडून आणणार होते, आणि पिल्लूच हवं होतं, म्हणजे लवकर शिकतं. ती येईपर्यंत भावोजींनी सांगायचं, बिजली आराम करतेय.

माझं डोकंच फिरलं. आईपासून पोर तोडायचं आणि वर त्याला मेलेलीचं नाव द्यायचं, लाज कशी वाटत नाही त्या माणसाला? आमचे हे मधे पडले. हे म्हणजे भावोजींचे थोरले भाऊ, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांचं म्हणणं, नोकरी सांभाळ, जगाचा मक्ता आपण घेतलेला नाही. मी म्हटलं, तुम्ही जेवा गुपचूप.

भावोजी हात धुऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, चौथी येणार नाही."

ओरडून नाही, अगदी हळू. या माणसाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी मी मुद्दाम तिकीट काढून गेले. पायऱ्या गच्च भरलेल्या. तलावात आता उरलेला एकटा म्हातारा नर डॉल्फिन गोल गोल फिरत होता. भावोजींनी माइक घेतला, नेहमीसारखं "तुमची लाडकी" म्हणाले आणि थांबले.

"बिजली येणार नाही," ते म्हणाले. "ती मेली. ती तिसरी होती. आधीच्या दोघी याच पाण्यात मेल्या. तुम्हाला कळलं नाही, कारण दर वेळी मीच इथून खोटं सांगितलं. चौथी अजून समुद्रात आहे, आईजवळ. तुम्ही तिकीट काढणं बंद केलंत, तर ती तिथेच राहील."

मालकाने गाणं मोठ्याने लावलं आणि माइक बंद केला. भावोजी पायऱ्या चढून प्रत्येक रांगेपुढे उभे राहिले आणि तेच सांगत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या असं वाटत असेल तर विसरा. निम्म्यांनी पैसे परत मागितले. एक बाप अंगावर धावून आला, माझ्या पोरीला रडवलंत म्हणून. भावोजी त्याला म्हणाले, रडू द्या तिला, रडण्यासारखंच आहे.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. पण गडी हट्टाला पेटला होता. दर रविवारी फाटकाबाहेर उभा. मालकाने कोर्टाची धमकी दिली, मग पगार वाढवतो म्हणाला. भावोजी काही बधले नाहीत. शाळांमध्ये जाऊन मुख्याध्यापकांना भेटायचे, शिपायाने हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हळूहळू सहली यायच्या थांबल्या, पायऱ्या ओस पडल्या, आणि मालकाने ऑर्डर रद्द केली. त्या म्हाताऱ्या नराला शिकार करायची सवयच राहिली नव्हती, म्हणून खाडीत जाळी लावून त्याला तिथे ठेवलंय, मासे देतात. तलावात आता मुलं पोहायला शिकतात.

आणि भावोजी होडी चालवतात. आमच्या ह्यांनीच जुनी होडी मिळवून तिला इंजिन बसवून दिलं, तोंडाने कटकट करत का होईना. लोकांना डॉल्फिन बघायला नेतात, पण नियम कडक. लांबच इंजिन बंद करायचं आणि वाट बघायची. आडवं जायचं नाही, खायला टाकायचं नाही, तान्हं पिल्लू दिसलं तर माघारी फिरायचं. दिसतीलच अशी खात्री देत नाहीत. शेजारचा होडीवाला कळपाच्या मागे सुसाट सुटतो, त्याच्याकडे गर्दी जास्त असते. भावोजी म्हणतात, असू दे.

परवा मीही गेले होते. इंजिन बंद करून बराच वेळ झाला होता, माणसं कुरकुरायला लागली होती. तेवढ्यात लांबून एक कळप आला. आपल्याच तंद्रीत, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. मोठे होते, मधले होते, आईला खेटून पोहणारी दोन-तीन अर्धवट वयाची पोरंही होती. कुरकुरणारी माणसं होडीच्या कडेशी सरकली.

मी हळूच विचारलं, "भावोजी, यातली ती कोण असेल हो? जिला आणणार होते ती?"

"कुणालाच माहीत नाही, वहिनी," ते म्हणाले. "तिलासुद्धा नाही."

मला रडू आवरेना, तिथेच सगळ्यांसमोर रडले. कळप पुढे निघून गेला. मागून कुणीतरी म्हणालं, चला ना त्यांच्या मागे. भावोजींनी इंजिन चालू केलं आणि होडी किनाऱ्याकडे वळवली.