गुणवंतभाऊंची डावी बाजू

गुणवंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, शाळेत पेपर तपासत होते. त्यांच्या मुलीचा आवाज. "मावशी, बाबा गेले… सकाळीच. छातीत दुखलं म्हणे."

अकोटचं त्यांचं घर फुलशेतीवालं. सकाळी झेंडू तोडायचा, दुपारी कीबोर्ड घेऊन एसटीत बसायचं, असा हा माणूस. साखरपुडे, बारशी, निरोप समारंभ… वीस वर्षं मी गायले, त्यांनी वाजवलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवा कीबोर्ड घेतला. घरी हेडफोनवर त्यातला पियानोचा आवाज ऐकून हरखूनच गेले होते. पण तेल्हाऱ्याच्या कार्यक्रमात आमच्या नेहमीच्या एकुलत्या स्पीकरवर तोच पियानो पोकळ वाजायला लागला, रिकामा डबा बडवल्यासारखा. अंतऱ्यात मला सूरच सापडेना. लोक चुळबुळ करू लागले, भाऊ घामाघूम झाले. स्टेजवरून उतरल्यावर मी चिडून म्हणाले, "भाऊ, घरी नीट ऐकलं नव्हतं काय?"

"ऐकलं ना बाई. मले तं चांगलंच वाटलं."

पंधरा दिवसांनी त्यांनी मला अकोटला बोलावलं. अंगणात स्पीकर मांडलेला. "यातला पियानो दोन बाजूनं येते. डावा आवाज येगळा, उजवा येगळा. एकाच स्पीकरात दोन्ही ओतले का एकमेकाले खाऊन टाकतात." त्यांनी दोन वायरींपैकी उजवी कीबोर्डाला तशीच ठेवली, तिचं दुसरं टोक मात्र स्पीकरमधून काढून मोकळं सोडलं. "पुरी काढली तं कीबोर्ड दोन्ही आवाज डाव्यातच ओतते. आता गा."

पियानो कसा भरून वाजला! मी विचारलं, "हे सापडलं कसं तुम्हाला?"

त्यांनी ती मोकळी वायर गुंडाळली. "माह्या उजव्या कानानं ऐकू येत नाही, बाई. दोन वर्षं झाले. हेडफोनात मले डावाच आवाज ये, म्हून घरी चांगला वाटे… तुमी दुसरा वाजवणारा पाहाल, म्हून बोललो नाही."

मी एवढंच म्हणाले, "शनिवारी अमरावतीत साखरपुडा आहे. चारला पोचा."

ते साडेतीनलाच आले. आणि पुढची तीन वर्षं येत राहिले.

रस्त्यानं चालताना मी मग त्यांच्या डावीकडून चालू लागले. भाऊ गेल्यानंतर, परवा बाजारात मैत्रिणीसोबत होते. गर्दीत दोनदा वळसा घालून मी तिच्या डाव्या बाजूला गेले.

"काहून वं, अशी फिरून काहून येऊन राहिली?" तिनं विचारलं.

मी तिच्या डावीकडूनच चालत राहिले.