डॉक्टरणीसमोरची मराठी

तंजावूरच्या आम्हा मराठी घरांची एक जुनी खोड आहे. चारचौघांत तमिळ बोलायचं आणि झाकायचं ते मराठीत. साडीच्या दुकानात मालकाच्या तोंडावर आई मला खुशाल सांगते, "रंग जाणार हिचा, ऊठ." मालक बापडा हसत राहतो.

मी पंचेचाळिशीला आले त्या वर्षी माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली, अंगाची लाही लाही व्हायची, झोप उडाली. तेवढंच असतं तर मी निभावलं असतं. पण मला जगणंच नकोसं झालं होतं. तिरुवैयारूच्या शाळेत शिकवायला जाताना बस कावेरीच्या पुलावर आली की मी पाण्याकडे बघायची, आणि ते पाणी मला बरं वाटायचं. हे कुणाला सांगणार, कपाळ? वर्गात हसायची, घरी भांडी घासता घासता रडायची. आईने ते रडणं पाहिलं आणि मला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "मनाला कसं वाटतं?" मी तोंड उघडणार, तोच आई गोड हसत मराठीत म्हणाली, "अंगाची आग सांग. रडणं सांगू नकोस हं, वेड्यात काढतील."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, रडणंच आधी सांगू द्या हो तिला," त्या चक्क आमच्या मराठीत म्हणाल्या. अगं बाई! आईचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. पूल, पाणी, सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, पाळी जाण्याआधीच्या वर्षांत हार्मोन्स वर-खाली होत राहतात आणि काही बायकांचं मन त्यासोबत खचतं. सगळ्यांचं नाही. जागरणं, घरच्या कटकटी त्यात भर घालतात. हा स्वभावाचा दोष नाही, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मला असा राग आला! एवढी साधी गोष्ट आजवर कुणी का सांगितली नाही?

"घरात आणखी कुणाला असं झालं होतं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

आई पदराशी चाळा करत होती. "माझ्या थोरल्या बहिणीला," ती म्हणाली. "हिच्याच वयाची होती. विहिरीत पाय घसरला, असं आम्ही सगळ्यांना सांगतो."

मलाही तेच सांगितलं होतं.

मग तिने माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट. "हिला काय ते औषध द्या," ती म्हणाली. "आजच द्या."