कानबाईचा रोट आणि रेशमी धागा

सातपुड्यातल्या वाघाने मला धरलं, मग मी कसा वाचलो, असलं काही वाचायला बसला असाल तर उठा. मला धरलं ते बसायच्या जागेने.

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी मला पालथं घालून तपासलं आणि म्हणाले, "फिस्टुला." म्हणजे भगंदर. आत गळू फुटून बाहेरपर्यंत बोगदा तयार होतो आणि त्यातून पू येत राहतो. तीन महिने मी गळूच समजून वर हळद लावत होतो. लाज, दुसरं काय.

साहेबांनी पुढचं सांगितलं तेव्हा माझी बडबड थांबली. बोगदा वरून गेला होता, स्फिंक्टरला वळसा घालून. स्फिंक्टर म्हणजे शौच धरून ठेवणारा स्नायू, बटव्याच्या नाडीसारखा. "एकदम चिरलं तर भगंदर बरं होईल," ते म्हणाले, "पण पोट धरवणार नाही. जन्मभर."

मी गावातला नकल्या. मास्तर, तलाठी, सावकाराची म्हैस, सगळ्यांच्या नकला करायचो. लोक हसून लोळायचे. आता मलाच चारचौघांत बसता आलं नाही तर? गाडीत घरी जाताना मी एकाचीही नक्कल केली नाही. बाप दोनदा वळून बघत होता, पोरगं शुद्धीवर आहे ना म्हणून.

उपाय निघाला धाग्याचा. क्लोरोफॉर्म हुंगवून साहेबांनी बोगद्यातून रेशमी धागा ओवला आणि बाहेर गाठ मारली. याला सेटन म्हणतात. दर आठवड्याला गाठ थोडी आवळायची. धागा सावकाश कापत पुढे सरकतो, मागची जागा भरून येते, नाडी तुटत नाही. दुखतं. गाठ आवळली की दोन दिवस मी बगळ्यासारखा चालायचो. रोज ऊन पाण्याच्या घमेल्यात बसायचं, पातळ खायचं, इसबगोल घ्यायचं. शौचाला खडा होऊ द्यायचा नाही, हे साहेबांनी तीनदा बजावलं.

आणि श्रावणात कानबाई आली, आमची खानदेशातली देवी.

आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळतात. त्याचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या, पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत. त्या साली काका सुरतेला अडकलेला, त्याचाही वाटा उरला. मी आढेवेढे घेतले तर माय म्हणाली, "तुन्हा नावना रोट शे भाऊ, तुलेच खाना पडी." तिला तरी काय बोलू? देवीची भीती मलाही होतीच, आणि रोट मला आवडतात. स्वतःचा खाल्ला, काकाचाही खाल्ला. वर दोन दिवस इसबगोल विसरलो.

तिसऱ्या दिवशी कुंथलो. कचकन काहीतरी झालं. रक्त आलं, गाठ सुटली, धागा लोंबायला लागला. नाडी तुटली, एवढंच डोक्यात. माय गाडीत सबंध वाट माझा हात धरून बसली. तिने कानबाईला काही विचारलं असेल तर मला कळलं नाही.

साहेबांनी हातमोजा घातला, बोट घातलं आणि म्हणाले, "आवळ."

मी आवळलं.

त्यांनी बोट जरा वळवलं. मग म्हणाले, "पुन्हा." मी जीव खाऊन आवळलं.

"धरतंय," ते म्हणाले.

मी पालथाच रडलो आणि काकाच्या रोटासकट सगळं कबूल केलं. लोंबत्या धाग्यालाच नवा बांधून त्यांनी ओढून घेतला. दिवाळीनंतर तो आपोआप गळून पडला, जखम भरली. आज मी तास तास बसतो, पोट धरतं, काही गळत नाही. त्या माणसाचे हात मला देव्हाऱ्यात ठेवावेसे वाटतात. तुमच्यापैकी कोणाला तिथे गळू असेल, तर हळद लावत बसू नका.

शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा ओसरीत शहाद्याकडचा एक नवा पेशंट घामाघूम बसला होता. त्याला धीर यावा म्हणून मी साहेबांची नक्कल केली. चष्मा, चाल, बोट, "आवळ", सगळं. ओसरी हसली, तोही हसला. मग सगळे एकदम सावरून बसले. साहेब माझ्या मागे उभे होते.

"चाल बरोबर आहे," ते म्हणाले. "पण लबाडा, स्वतःचा गाढवपणा तेवढा गाळलास. याच्या घरी कानबाई बसत नाही होय? बस इथे. किती रोट खाल्ले ते सांग त्याला. आणि काकाचा धरून सांग."