आपल्याच पेपरचा सेन्सॉर

जुम्म्याची नमाज आटोपली की इब्राहिमचाचा दुबईच्या खाडीकाठी एका उलट्या पेटीवर बसायचे आणि मॉस्कोचं एक साहित्यिक साप्ताहिक मोठ्याने वाचायचे. रशियनमध्ये. समोरच्या आम्हा सात-आठ जणांना त्यातलं अक्षरही कळत नसे. पण वाचनानंतर चाचा स्वतःच्या हातची सांदणं वाढत, त्यामुळे श्रोत्यांची वानवा कधी पडली नाही.

ही साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आपल्या लोकांनी गजबजलेली आजची करामा वस्ती नव्हती, अमिरात नावाचा देशही नव्हता; शब्द चालायचा इंग्रजांचा. चाचा रत्नागिरीकडचे, आमच्या शिपिंग कंपनीत हेडक्लार्क, आणि मी त्यांचा टायपिस्ट. रशियन ते मुंबईला नोकरीत असताना शिकले. का, असं विचारलं तर म्हणत, "अरे बाला, क्लासला फी नव्हती, वर चहाबरोबर बटाटेवडा होता." बायको वारल्यावर मात्र हा नाद खरा झाला. मुंबईचा भाचा बोटीने अंक पाठवी. वाट पाहावी असं त्यांच्या आयुष्यात तेवढंच उरलं होतं.

त्या पेपरचा इतिहास ते आपल्या घराण्याचा असावा तसा सांगत. "झारच्या जमान्यात कवींनी काढला. चार ओळींची कविता छापली म्हणून पोलिसांच्या बड्या साहेबाने संपादकाला असं झापलं, की बिचारा दोनेक महिन्यांत तापाने गेला. मग पेपरही खलास. शंभरेक वर्षांनी पुन्हा निघाला, तर आता कम्युनिस्ट पार्टीची कात्री. कात्रीवाले बदलतात रे, बाकी काही नाही."

आमच्याकडचा कात्रीवाला लवकरच उगवला. रशियन अक्षरं पाहून एका इंग्रज साहेबाने टपालातला गठ्ठा अडवला. मजकूर आक्षेपार्ह आहे का हे ठरवायला रशियन वाचणारा हवा, आणि असा माणूस अख्ख्या गावात एकच. साहेबाने गठ्ठा चाचांकडेच धाडला. वाचून रिपोर्ट द्या. आक्षेपार्ह नसेल तो अंक मालकाला परत. मालक तरी कोण, चाचाच! आम्ही हसून बेजार झालो, चाचा मात्र नवं पेन घेऊन कामाला बसले. 'कविता तीन, पैकी दोन भिकार. आक्षेपार्ह काही नाही.' खाली सही, आणि अंक पिशवीत.

वर्षभर हे सुरळीत चाललं. मग एका अंकात, इंग्रजांनी आखातातून गाशा गुंडाळावा, असा सडेतोड लेख आला. चाचांनी त्याचं शब्दन्‌शब्द भाषांतर करून माझ्यापुढे ठेवलं. खाली शेरा होता, 'आक्षेपार्ह'. मी तो लेख गुपचूप वगळला, 'आक्षेपार्ह काही नाही' असं टाईप केलं आणि कागद सहीला ठेवला. चाचांनी तो वाचला आणि टराटरा फाडला.

"चाचा, पेपर कायमचा बंद होईल तुमचा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना. त्या माणसाला रशियन येत नाही, म्हणून त्याने माझ्यावर भरवसा टाकलाय." मग टाईपरायटर स्वतःकडे ओढत म्हणाले, "आणि लेख बरोबरच आहे की. साहेबाला एकदा नीट वाचू दे."

एका बोटाने टाईप करत तो रिपोर्ट त्यांनी स्वतः पुरा केला. साहेबाने लेख किती वाचला देव जाणे, शेरा मात्र वाचला. पेपरवर दुबईत बंदी आली आणि चाचांना आभाराचं पत्र.

मी रजेवर मुंबईला निघालो तेव्हा म्हटलं, "पापडांच्या डब्यातून अंक आणतो."

"नको. बंदी माझ्या रिपोर्टावर आली आहे."

मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हणालो. त्याची लाज मला आजही वाटते. पुढल्या काही महिन्यांत चाचा डोळ्यांदेखत म्हातारे झाले. मग एक दिवस त्यांनी राजीनामा दिला. कंपनीने पगारवाढ देऊ केली, तीही त्यांनी नाकारली. मी खाडीवर निरोप द्यायला गेलो, तेव्हा मला रडू आवरेना.

"चाचा, इतकी चांगली नोकरी सोडून चाललात. रत्नागिरीत आता तुमचं कोण आहे?"

"पोस्टमन," चाचा म्हणाले आणि सांभाळून मचव्यात उतरले.