सिमेंटमधलं जातं

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या काचेला लिंबू-मिरची बांधलेली असली, तर जीपवाल्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय उतरत नाही. तरीही हे लिहितेय, कारण मला उत्तर हवंय.

धरणात आमचं आंबेगाव गेलं आणि आम्ही शिनोलीला आलो. ट्रकमध्ये जागा उरली नाही, म्हणून आईचं जातं तिथंच राहिलं. आमच्याकडे लग्नाआधी जात्याच्या खुंट्याला सुपारी बांधतात आणि नवरीची हळद त्यावर दळतात. माझी हळद त्याच जात्यावरची. दोन हजारच्या आसपास धाकट्या सुमनचं लग्न ठरलं, तेव्हा आई हटून बसली, "हिची हळद बी त्याच्यावरच. दुसऱ्या जात्यावर न्हाई."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक जुन्या गावातून वस्तू उचलून आणायचे. आमचं जातं जुन्नरच्या एका हौशी गुरुजींनी स्वतःच्या म्युझियममध्ये नेल्याचं कळलं. फोडलेली हळकुंडं मीच पिशवीत भरली आणि आम्ही मायलेकी एस.टी.त बसलो.

म्युझियम कसलं... चुना मारलेला गोठा. गंजलेले कंदील, मुका रेडिओ आणि नाटकातली लाकडी तलवार. कोपऱ्यात आमचं जातं! नवं आणलं तेव्हा गाडीतून उतरवताना कडेचा टवका उडाला होता, तो आईनं दारातूनच ओळखला. वर पाटी – 'पेशवेकालीन जाते'.

"कुठलं पेशवं? आमच्या ह्यांनी मंचरच्या बाजारातनं आणलंय," आई म्हणाली.

"पाटी बदलू, ताई," गुरुजी ओशाळले. "पण ते फिरायचं न्हाई आता. पोरं फिरवत्यात, बोटं चेंगारत्यात. म्हणून मीच मधी सिमेंट भरलं."

मी वाकून पाहिलं. वरच्या-खालच्या दगडांच्या फटीत गच्च सिमेंट. मला रडूच आलं. म्हटलं, चल आई, विकतची घेऊ.

आईनं पदर खोचला. "आलेय तर दळूनच जाईन."

तिनं खुंट्याला सुपारी बांधली, जात्याच्या मुखात हळकुंडं टाकली. गुरुजींनी आणि मी मिळून खुंटा ओढला – तसूभर हलला नाही. मी छन्नी-हातोडा मागितला. "फुटंल की वो," म्हणून ते अडून बसले. वाद घालत आम्ही ओट्यावर आलो, आई आतच राहिली.

आणि घरघर सुरू झाली. आम्ही दोघांनीही ऐकली... ती थांबेपर्यंत ओट्यावरून हललो नाही.

आत गेलो तेव्हा आई शांत बसलेली. जात्याभोवती पिवळीधमक हळद, अगदी वस्त्रगाळ. मुख रिकामं, पिशवी रिकामी. आईच्या तळव्यावर खुंट्याचा लाल वळ. गुरुजींनी पुन्हा खुंटा ओढला, खिळ्यानं सिमेंट खरवडून पाहिलं. साधी चीरही नव्हती. मग त्यांनी हळद बांधायला स्वतःचा धुतलेला पंचा आणून दिला.

एस.टी.त मी आईला खोदून खोदून विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकटीला ओढलं नसतं. समोर कोनतरी बसलं व्हतं. दिसलं न्हाई, पन खुंट्यावर जोर बरोबरीचा व्हता."

सुमनला तीच हळद लागली. आई आता नाही. मी मात्र दर सुट्टीत जुन्नरला जाते. गुरुजी आता गोठ्याचं दार उघडून देतात आणि स्वतः बाहेर थांबतात. मी पदर खोचून बसते, समोरची जागा मोकळी ठेवते आणि खुंटा ओढते.

अजून हललेला नाही.